आमच्या बुंदीची (पाळलेली लेपर्ड गेको, म्हणजे एका जातीच्या पालीचं पिल्लू) कात अडकत होती म्हणून घेतलेली मातीची ओली गुहा, सहा महिने वापरून लिहितेय

सुरुवातीलाच सांगून टाकते, वस्तू चांगली आहे, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. पण खोक्यावर चित्र काढलंय तशी टँकच्या थंड कोपऱ्यात ठेवली तर पैसे पाण्यात, वर पिल्लू गारठून आजारी पडायचं ते वेगळंच. हे कळायला मला तीन आठवडे लागले आणि तेवढ्यात अजून एक कात अडकली, म्हणून एवढं लांबलचक लिहितेय. ज्यांच्या घरी लहान लेपर्ड गेको आहे आणि कात नीट निघत नाहीये त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

वस्तू काय आहे ते आधी. भाजलेल्या मातीची छोटी गुहा, आतून बाहेरून कुठेही ग्लेझ (चकचकीत लेप) नाही, पुढे गेको शिरेल एवढं दार आणि डोक्यावर वाटीसारखा खळगा. त्या खळग्यात पाणी ओतायचं, ते मातीतून हळूहळू झिरपतं आणि आतली हवा ओलसर राहते. बस एवढंच, ना वायर ना बॅटरी. मी २२ डॉलरला घेतली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण अशा गुहा बरेच जण बनवतात आणि मी जे सांगणार आहे ते सगळ्यांना लागू आहे.

आम्ही एडिसनला राहतो, न्यू जर्सीत. लेक पाचवीत आहे, दोन वर्षं मागे लागला होता, शेवटी ऑक्टोबरमध्ये एका रेप्टाईल एक्स्पोमधून दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. माझ्या मधल्या बोटाहून थोडं मोठं, अंगावर पिवळे आणि काळे आडवे पट्टे. मोठी झाल्यावर पट्टे तुटून ठिपके ठिपके होतात असं लेकाने वाचलं होतं म्हणून नाव आधीच ठरलेलं, बुंदी. विकणाऱ्याने एक छापील कागद दिला, त्यावर ठळक अक्षरात लिहिलेलं की हा वाळवंटी प्राणी आहे, कोरडा ठेवा. आम्ही अगदी भक्तिभावाने कोरडा ठेवला. आणि तिथेच सगळं चुकलं.

कारण हे प्राणी मूळचे अफगाणिस्तान, पाकिस्तान त्या पट्ट्यातल्या कोरड्या खडकाळ भागातले आहेत हे खरं, पण दिवसभर ते उन्हात बसत नाहीत, दगडाखाली, बिळात, भेगांमध्ये लपून असतात आणि तिथे बाहेरच्यापेक्षा ओल जास्त असते. म्हणजे बाहेर कोरडं आणि बिळात ओलसर, दोन्ही हवं. टँकची एकूण ह्युमिडिटी, म्हणजे हवेतला ओलावा, ३० ते ४० टक्के असली तरी चालतं, पण कात टाकायला जागा लागते ती ७०-८० टक्क्यांची. हे कागदावर नव्हतं. (आपल्या महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये याच जातकुळीतली एक पाल रानात राहते, युब्लेफॅरिस फस्कस, लोक विषारी समजून मारतात बिचारीला, विष वगैरे काही नसतं तिच्यात. ती दिसली तर तिच्या वाटेने जाऊ द्यायची, पकडून घरी आणायची नाही, हे इथे सांगून ठेवते कारण मला भारतातून दोघांनी विचारलंय की आम्हाला पण मिळेल का म्हणून.)

कात कशी निघायला पाहिजे ते ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी. आधी एक दिवस रंग फिका पडतो, अंगावर पांढुरका पापुद्रा आल्यासारखा दिसतो, जेवायला नको म्हणते. मग तोंडापासून सुरुवात, दगडावर नाक घासायचं, आणि स्वेटर उलटा काढावा तशी ती कात तोंडाने ओढत ओढत काढते आणि खाऊन टाकते. हो, खाते. लेकाला पहिल्यांदा वाटलं ती स्वतःलाच चावतेय, रडायला लागला होता. पायाची कात तर मोज्यासारखी एक एक बोट सोडवून काढते. सगळं नीट असेल तर तासाभरात आटोपतं आणि सकाळी तुम्हाला काही झालेलं कळतही नाही, फक्त रंग एकदम चकचकीत दिसतो. पिल्लं भराभर वाढतात त्यामुळे हे दर एक-दोन आठवड्यांनी होतं, मोठी झाल्यावर महिन्या-दीड महिन्यातून. म्हणजे बघा, पिल्लाच्या बाबतीत चूक असेल तर ती चूक महिन्यात तीन वेळा होते.

नोव्हेंबरपर्यंत सगळं बरं चाललेलं. मग घरातलं हीटिंग सुरू झालं. इकडे थंडीत राहणाऱ्यांना माहितीये, गरम हवा सुटली की घर कसं कोरडं ठणठणीत होतं, ओठ फुटतात, दाराच्या कडीला हात लावला तर चट्कन करंट बसतो. आमची कातडी तडकत होती आणि मी बुंदीचा विचारच केला नाही. टँकच्या किटमध्ये काट्यावाला गोल ह्युमिडिटी मीटर आलेला, तो रोज ५० दाखवायचा. मी खूश. नंतर कळलं तो कुठेही ठेवला तरी ५०च दाखवतो, हॉलमध्ये, बाथरूममध्ये आंघोळीनंतर, कुठेही.

डिसेंबरच्या शेवटी लेक म्हणाला आई तिच्या बोटांना पांढरं काहीतरी लागलंय. मी मोबाईलचा टॉर्च लावून बघितलं. मागच्या उजव्या पायाची दोन बोटं, टोकाच्या जरा अलीकडे पांढरी कडी बसल्यासारखी, अगदी बारीक, शिवायच्या दोऱ्याचे वेढे घातल्यासारखी. एका बोटाचं टोक त्या कडीच्या पुढे सुजलेलं आणि काळपट. लहानपणी बोटाला दोरा गुंडाळला की टोक कसं तटतटून निळं पडतं, तसं. माझ्या पोटात गोळाच आला. शेपटीच्या टोकाला पण टोपी अडकलेली होती.

मग आधी मी जे सगळे करतात ते केलं, दुकानातून कात सुटायचा स्प्रे आणला. त्याबद्दल पण लिहिते कारण बरेच जण तिथेच पैसे घालवतात. १२ डॉलरची बाटली, कोरफड वगैरे घातलेलं पाणी, सुटायला लागलेली कात थोडी मऊ होते नाही असं नाही, पण दहा मिनिटांत वाळते आणि हवा होती तशीच कोरडी राहते. वाळून बसलेल्या कडीला तर काहीच झालं नाही. वरवरची मलमपट्टी. चार दिवस फवारत बसले, ते चार दिवस मला आजही बोचतात, कारण त्या चार दिवसांत बोट गेलं.

डॉक्टरबद्दल थोडं. साध्या कुत्र्या-मांजराच्या क्लिनिकने फोनवरच सांगितलं आम्ही पाली बघत नाही. रेप्टाईल बघणाऱ्या व्हेटरनरी डॉक्टरांची एक संघटना आहे, असोसिएशन ऑफ रेप्टिलियन अँड अँफिबियन व्हेटरनेरियन्स, त्यांच्या वेबसाईटवर जवळचा डॉक्टर शोधता येतो, तिथून एक मिळाले, गाडीने पन्नास मिनिटं. तपासायचे ९५ डॉलर घेतले आणि एक एक डॉलर सत्कारणी लागला. डोळ्याला भिंग लावून त्यांनी ते बोट दाखवलं, एक नाही तीन कातींच्या कड्या एकावर एक बसलेल्या. पहिली अडकली ती वाळून आकसली, तिच्यावर दुसरी, तिच्यावर तिसरी, आणि आतलं रक्त थांबलं. कोमट पाण्यात भिजवून, बारीक चिमट्याने, इतक्या हळू की मी श्वास धरून बसले होते, एका बोटाची कडी त्यांनी काढली आणि ते बोट वाचलं. दुसऱ्याचं टोक मेलेलं होतं, म्हणाले हात लावू नका, आपोआप गळेल, आणि सहाव्या दिवशी गळलं. शेपटीची टोपी निघाली. डोळे पण तपासले, पापण्यांखाली कात राहिली की डोळा मिटून घेतात, जेवण बंद होतं, आणि ती काढायचा प्रयत्न घरी अजिबात करायचा नाही असं दोनदा सांगितलं. आहारात काय देतो ते विचारलं, रातकिडे आणि मीलवर्म अळ्या, त्यावर कॅल्शियमची पावडर लावत होतो पण व्हिटॅमिन ए वालं मल्टिव्हिटॅमिन आम्ही देतच नव्हतो, ए कमी पडलं तरी कात नीट सुटत नाही म्हणे. ते सुरू केलं. पण मूळ कारण त्यांनी टँकचा फोटो बघून एका वाक्यात सांगितलं, हिला ओली जागाच नाहीये.

त्या दिवशी येताना गाडीत लेक एकच विचारत होता, तिला दुखत असेल का. काय सांगणार.

आता गुहेकडे येते. त्याआधी दोन आठवडे आम्ही घरचा जुगाड केला आणि तो वाईट नव्हता हे प्रामाणिकपणे सांगते. श्रीखंडाचा अर्धा किलोचा डबा, बाजूला गोल भोक, भोकाच्या कडा सँडपेपरने गुळगुळीत केलेल्या, आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) पिळून. ज्यांना खर्च करायचा नाही त्यांनी हेच करा, शून्य रुपये आणि काम करतं. त्रास दोनच. हीटिंगमुळे मॉस दोन दिवसांत वाळायचं आणि शाळा-ऑफिसच्या गडबडीत कोणीतरी एक विसरायचंच, आणि दुसरं म्हणजे तेच मॉस दहा दिवसांनी कुबट वास मारायचं, एकदा खाली करडी बुरशी दिसली. दर आठवड्याला बदललं तर चालतं. पण लहान मुलाच्या हातात देण्यासारखी व्यवस्था नव्हती ती.

म्हणून जानेवारीच्या शेवटी ही मातीची गुहा. खोक्यावरच्या चित्रात टँकच्या एका बाजूला दिवा आणि दुसऱ्या, थंड बाजूला ही गुहा असं दाखवलंय, मी तशीच ठेवली. खळग्यात पाणी भरलं, दोन तासांत माती गडद झाली, आत नवीन डिजिटल मीटरची वायर घातली तर ८२ टक्के. मला वाटलं झालं काम. बुंदी आत गेलीच नाही. एक दिवस, दोन दिवस, आठवडा. दारात येऊन जीभ लावायची आणि परत गरम बाजूच्या कोरड्या लपणात जाऊन बसायची. पुढची कात तिने तिथेच टाकली, कोरड्यात, आणि परत दोन बोटांना मोजे राहिले. तीन आठवडे मी लेकाला सांगत होते तिला सवय होऊ दे.

कोडं सोडवलं माझ्या आईने. आई नोव्हेंबरमध्ये बार्शीहून आलेली, सहा महिन्यांसाठी. आल्या आल्या म्हणाली होती, अगं भिंतीवरच्या पालीला आपण झाडू दाखवतो आणि तू काचेत घालून पोसतेस? पण मग एकदा दुपारी टँकसमोर बसली होती आणि बुंदीने डोळे मिटले. आईने मला हाक मारून दाखवलं, अगं ही डोळे मिटते, आपल्या पाली मिटत नाहीत. बरोबर आहे, घरातल्या पालींना पापण्या नसतात, जिभेने डोळा पुसतात, या जातीला हलत्या पापण्या असतात. त्या दिवसापासून आईचा जीव जडला तिच्यावर. तर ती गुहा हातात घेऊन आई म्हणाली, हा तर माठ आहे. आणि लगेच पुढे, मग आत गार नाही का होणार?

मी बघतच राहिले. माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी उडतं आणि उडताना गारवा करतं, सगळ्या बार्शीला माहिती असलेली गोष्ट, मे महिन्यात त्यासाठीच तर घेतो आपण माठ. मीटर परत आत घातला, यावेळी टेम्परेचर बघितलं. खोली २१ डिग्री, गुहेच्या आत १९. गेकोला स्वतःची ऊब नसते, बाहेरून घ्यावी लागते, पोटाखाली ३१-३२ डिग्रीची जागा सोडून ती १९ डिग्रीच्या ओल्या भोकात का जाईल? आणि गेली असती तर अजून वाईट, गार आणि ओलं एकत्र म्हणजे छातीचा आजार, हे डॉक्टरांनी नंतर फोनवर कन्फर्म केलं. कंपनीच्या कागदावर याबद्दल एक ओळ नाही. एक स्टार मी तिथे कापलाय.

मग काय केलं ते नीट लिहिते. टँकच्या गरम बाजूला काचेखाली हीट मॅट, म्हणजे विजेवर तापणारी चटई, आहे. गुहा मधोमध आणली, अशी की तिचा अर्धा बूड मॅटच्या वर आणि अर्धा बाहेर. एक दिवस थांबून मोजलं, आत २८ डिग्री आणि ७८ टक्के. लिहून ठेवा, २७ ते २९ मध्ये आणि ७० च्या वर, हे जमलं की झालं. मॅटला थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाच्या वर जाऊ न देणारं यंत्र) नसेल तर हे करूच नका, जाड मातीखाली उष्णता कोंडते आणि काच तापते, थर्मोस्टॅटची वायर मॅट आणि काचेच्या मध्ये पक्की पाहिजे. त्या रात्री साडेनऊला लेक धावत आला, आई ती आत बसलीये. फक्त नाक बाहेर. आजी आणि नातू दोघं खुर्च्या ओढून अर्धा तास तिथेच.

पुढची कात फेब्रुवारीच्या मध्यावर. सकाळी रंग फिका, संध्याकाळी आत गेली ती बाहेर आलीच नाही, मला राहवेना, टॉर्च नाही लावला पण दारातून दिसत होतं, मागचा पाय तोंडाजवळ घेऊन मोजा ओढत होती. सकाळी बाहेर आली तेव्हा मी भिंग घेऊन बघितलं. सगळी बोटं मोकळी. त्या गळलेल्या बोटाचं थोटुक सुद्धा स्वच्छ, गुलाबी. माझा जीव भांड्यात पडला.

तेव्हापासून जुलै संपेपर्यंत लेकाने वहीत प्रत्येक कात लिहून ठेवलीये, तारीख, कुठे टाकली, किती बोटं मोकळी. एकूण नऊ. त्यातल्या आठ या गुहेत आणि आठही स्वच्छ. एक अडकली ती एप्रिलमध्ये, आई परत गेली त्या आठवड्यात, पाणी भरायचं काम तिचं होतं आणि आमच्या दोघांच्या लक्षात दोन दिवस आलंच नाही, माती पांढरी पडलेली. म्हणजे गुहा काही जादू करत नाही, पाणी आहे तोवरच काम करते, हिवाळ्यात मॅटमुळे भरलेला खळगा साधारण दीड दिवस पुरतो, आता उन्हाळ्यात दोन-अडीच. रोज रात्री भरायचा, जेवणानंतर, तेवढं एक काम लावून घ्या.

त्या एप्रिलच्या कातीचं घरीच निभावलं, कसं ते सांगते कारण लोक इथे घाई करतात. झाकणाला भोकं असलेला एक डबा, तळाला पेपर टॉवेल, त्यावर कोमट पाणी, पोटाला टेकेल एवढंच, ३० डिग्रीच्या आसपास, हाताच्या मनगटावर टाकलं तर ना गरम ना गार असं. त्यात पंधरा-वीस मिनिटं, डोळ्यासमोर, तिथून उठायचं नाही. मग कापसाच्या ओल्या इअरबडने बोटाच्या बुडापासून टोकाकडे हळू गोल फिरवायचं. सुटली तर सुटली, नाही सुटली तर आज सोडून द्यायचं, उद्या परत. नखाने किंवा कोरड्या हाताने ओढायची नाही, खालची नवी कातडी फाटते. दोन-तीन दिवसांत नाही निघाली, किंवा बोट सुजलेलं, काळं दिसलं तर डॉक्टर, त्याच दिवशी. मी थांबले आणि काय झालं ते वर लिहिलंय.

मीटरचं बोलायचं राहिलं. काट्यावाला फेकून द्या. वायरवाला डिजिटल १०-१५ डॉलरला मिळतो, पण तोही तपासून घ्या आणि तपासायला फक्त मीठ लागतं. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात पाण्याचे थेंब टाकून ओल्या वाळूसारखं करायचं, झाकण आणि मीटर एका झिपवाल्या पिशवीत हवा ठेवून बंद, रात्रभर. आत ह्युमिडिटी ७५ टक्क्यांवर येऊन थांबते, मिठाचा गुणच आहे तो. आमचा डिजिटल ७३ दाखवत होता, म्हणजे आकड्यात दोन मिळवायचे. काट्यावाल्याने पिशवीतही ५०च दाखवले. लेकाने हा प्रयोग शाळेत करून दाखवला.

साफसफाई. इथे परत आईचंच ऐकलं. कच्च्या मातीला साबण लावायचा नाही, माती साबण पिते आणि नंतर पाण्यातून सोडते, माठ आपण कधी साबणाने धुतो का? उकळतं पाणी आणि नारळाच्या काथ्याने घासायचं, पंधरा दिवसांतून एकदा, पूर्ण वाळू द्यायची. नळाचं पाणी वापरलं तर तीन-चार महिन्यांत बाहेर पांढरे क्षार येतात, छिद्रं बुजतात आणि जुन्या माठासारखं पाझरणं मंदावतं, आमची मे महिन्यात तशी झालेली, आत ६० टक्क्यांवर आली. रात्रभर पाण्यात थोडं व्हिनेगर घालून बुडवली, मग दोन वेळा साध्या पाण्यात, परत ७५ च्या पुढे. आता फिल्टरचं पाणी घालतो. आणि हे सगळं किचनच्या बेसिनमध्ये नाही, वेगळं टब ठेवलंय. पालींच्या अंगावर साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो, दिसायला ठणठणीत असली तरी. इथली सीडीसी (सरकारी आरोग्य संस्था) पाच वर्षांखालच्या मुलांच्या आणि ६५ च्या वरच्यांच्या घरात रेप्टाईल नको असंच सांगते, आई ६८ ची, त्यामुळे मी हात धुण्याबाबत डोळ्यात तेल घालून होते, पाणी भरून झालं की साबणाने हात, मगच चहा. आई पाणी भरायची ते सुद्धा लांब नळीच्या बाटलीने, टँकमध्ये हात घालायचा नाही असं तिला सांगितलेलं.

अजून एक धोका, कागदावर हा पण नाही. गुहा जड आहे. सुटी माती किंवा वाळूवर ठेवली आणि पिल्लाने खालून उकरलं तर अंगावर बसेल. काचेच्या तळावर थेट ठेवा आणि बाकीचा थर आजूबाजूला. आमच्याकडे अजून पेपर टॉवेलच आहे त्यामुळे प्रश्न नाही, पिल्लांना सुटी माती तशीही नको, किड्याबरोबर पोटात जाते. गुहेच्या आत मी चिमूटभर ओलं मॉस टाकते, कात घासायला काहीतरी खरखरीत लागतं तिला, नुसत्या गुळगुळीत मातीवर पहिली सुरुवात अवघड जाते असं वाटलं मला.

कोणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांच्याकडे क्रेस्टेड गेको आहे त्यांना ही नको, तो झाडावर राहणारा, न्यू कॅलेडोनियाच्या पावसाळी जंगलातला, त्याला सगळा टँकच ६० ते ८० टक्के लागतो, रोज फवारा मारायचा आणि मध्ये थोडा वाळू द्यायचा, या एका गुहेने भागणार नाही. त्याच्या बोटांना चिकटायच्या गाद्या असतात, कात अडकली की चढता येत नाही, धपकन पडतो. आणि ज्यांचं घर थंडीत फार गार असतं आणि हीट मॅट ठेवायचीच नाही त्यांनीही घेऊ नका, माठाचा गारवा पिल्लाला परवडणार नाही.

साईजबद्दल. मी छोटी घेतली कारण मधली संपली होती, ती चूक ठरली. फेब्रुवारीत बुंदी आत गोल फिरून बसायची, आता ४० ग्रॅमची झालीये, ठिपके आलेत, शेपटी जाड झालीये आणि ती शेपटी दारातून बाहेर राहते. शेपटी कोरड्यात राहिली की टोकाची कात कोरडीच राहणार, म्हणून मधली मागवलीये, २८ डॉलर, गुरुवारी येतेय. पिल्लासाठी घेत असाल तर पहिल्यापासून मधलीच घ्या आणि सुरुवातीचे दोन महिने आतली जागा मॉसने भरून लहान करा. छोटी मी बार्शीला पाठवत होते, आईने व्हिडिओवर मागितली होती, तुळशीजवळ चिमण्यांना पाणी ठेवायला, पण वजन बघता पोस्टाचे पैसेच जास्त होतायत, डिसेंबरमध्ये जाऊ तेव्हा बॅगेत घालून नेईन.